पुस्तक छापताय? आधी बघा, समोरच्याचं गिऱ्हाईक कोण: तुम्ही की वाचक?



आपण नेहमी दुकान, उधारी, स्टॉक यावर बोलतो. आज विषय जरा वेगळा आहे, पण आहे धंद्याचाच.

गेल्या महिन्यात एका निवृत्त गुरुजींचा फोन आला. आमच्या बार्शीपासून तासाभराच्या अंतरावर राहतात. म्हणाले, "दादा, तुमचे व्हिडिओ बघतो. मी एक पुस्तक लिहिलंय. एक कंपनी छापायला तयार आहे. सव्वा लाखाचं पॅकेज आहे, सोमवारी चेक द्यायचाय. तुम्ही पण पुस्तक काढलंय ना, काय करू?"

मी विचारलं, "गुरुजी, सव्वा लाख कुठून देताय?"

थोडा वेळ शांत. मग म्हणाले, "हिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला ठेवलेत, त्यातले. पुस्तक विकलं की परत टाकू."

मित्रांनो, त्या "पुस्तक विकलं की" वर मी अडकलो. कारण २०१८ साली हेच वाक्य मी माझ्या बायकोला म्हटलं होतं. म्हणून हा लेख. ज्यांना पुस्तक लिहायचंय, ज्यांचं लिहून झालंय आणि ज्यांच्या हातात आत्ता पेन आणि चेकबुक दोन्ही आहे, त्या सगळ्यांसाठी.

माझी चूक आधी सांगतो

माझं भांड्यांचं दुकान आहे, हे तुम्हाला माहितीच आहे. बीबीए झालो, गल्ल्यावर बसलो, हळूहळू ट्रेनिंग घ्यायला लागलो. मग डोक्यात आलं की ट्रेनरचं पुस्तक पाहिजे. चार महिन्यांत १६० पानं लिहून काढली. एका कंपनीची जाहिरात दिसली. फोन केला तर तिसऱ्या दिवशी उत्तर: "सर, आमच्या संपादक मंडळाला तुमचं लेखन खूप आवडलं." १६० पानं तीन दिवसांत वाचून आवडली! मला तेव्हाच शंका यायला पाहिजे होती. पण स्तुती ऐकताना शंका येत नाही हो.

पॅकेज ९०,००० रुपये. ५०० प्रती घरपोच. म्हणजे एक प्रत पडली १८० रुपयांना. छापील किंमत कंपनीनेच ठरवली: २०० रुपये. मी पुस्तकं घेऊन एका पुस्तकाच्या दुकानात गेलो. ते म्हणाले, "४० टक्के कमिशन, आणि पैसे विक्री झाल्यावर." आता गणित करा. २०० मधून ८० गेले, हातात १२०. पडलेली किंमत १८०. म्हणजे दुकानातून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रतीमागे ६० रुपये तोटा!

पातेलं विकताना मी वजन, भाव, मजुरी, गाडीभाडं सगळं बघतो. आणि स्वतःच्या पुस्तकाला कॉस्टिंगच केलं नाही. नंतर एका छपाईवाल्याकडून त्याच पुस्तकाचं कोटेशन घेतलं. डीटीपी, मुखपृष्ठ, कागद, छपाई, बांधणी धरून ४३,००० रुपये. म्हणजे ८६ रुपयांना प्रत. उरलेले ४७,००० कशाचे होते? "मार्केटिंग"चे. मार्केटिंग म्हणजे त्यांच्या वेबसाईटवर माझा फोटो आणि एक सर्टिफिकेट.

५०० पैकी ७० फुकट वाटल्या, ४१ विकल्या. राहिलेल्या ३८९ दुकानाच्या माळ्यावर, पितळी घागरींच्या मागे. लग्नसराईत घागर काढायला चढलो की आधी माझंच नाव दिसायचं.

धंद्याचा एकच प्रश्न

आमच्याकडे भांड्यावर नाव घालून देतात. गिऱ्हाईक पोरीच्या नावाचं भांडं हातात घेऊन बघतं ना, तेव्हा चेहऱ्यावरचा आनंद बघण्यासारखा असतो. आणि एक गोष्ट सगळ्या भांडीवाल्यांना माहितीये: नाव घातलेलं भांडं कोणी परत आणत नाही.

पुस्तकाचंही तेच आहे. मुखपृष्ठावर स्वतःचं नाव बघायची इच्छा चुकीची अजिबात नाही. पण त्या इच्छेवर एक अख्खा धंदा उभा आहे. म्हणून वहीत लिहून ठेवा: समोरच्याला पैसे कुठून मिळणार आहेत?

प्रकाशक स्वतःचे पैसे घालून पुस्तक काढत असेल, तर त्याचं गिऱ्हाईक वाचक आहे. पुस्तक विकलं तरच त्याचे पैसे सुटतात. म्हणून तो चिकित्सा करतो, नाही म्हणतो, प्रकरणं बदलायला लावतो, उशीर करतो. याचा राग येतो, पण तो तुमच्यासारखाच जोखीम घेतोय.

पैसे तुमच्याकडूनच येणार असतील, तर गिऱ्हाईक तुम्ही आहात. पुस्तकं तुमच्या दारात उतरली की त्यांचा धंदा पूर्ण. पुढे एक प्रत विको न विको. म्हणूनच तिथे कुणाचंच लेखन "नापसंत" होत नाही.

स्वखर्चाने पुस्तक काढणं वाईट नाही, हे स्पष्ट सांगतो. पण मग डोळे उघडे ठेवून करा. तुम्ही छपाईची सेवा विकत घेताय. सेवा विकत घेणारा माणूस भाव करतो, तीन कोटेशन घेतो, बिल तपासतो. "माझी निवड झाली" म्हणून पेढे वाटत नाही.

पण त्याही आधी: पुस्तक कुणासाठी?

माझ्या पुस्तकाचा खरा घोटाळा छपाईत नव्हता, लिखाणात होता. पहिलं वाक्य असं काहीतरी होतं की व्यवसाय ही एक साधना आहे. आमच्या आप्पांनी चाळीस वर्षं दुकान चालवलं. त्यांनी चार पानं वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "सगळं बरोबर आहे. पण यात दुकान कुठंय?"

दोन दिवस बोललो नाही मी त्यांच्याशी. पण बरोबर होतं त्यांचं. मी माझ्या गिऱ्हाइकासाठी लिहिलंच नव्हतं. मी "लेखकासारखं" लिहिलं होतं.

लक्ष्मीबाई टिळकांनी शाळेत जाऊन शिक्षण घेतलेलं नव्हतं. त्यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागांत प्रसिद्ध झाली आणि आजही लोक विकत घेऊन वाचतात. घरात बोलावं तसं लिहिलंय, ओढूनताणून काही नाही. अण्णा भाऊ साठे यांनाही शाळा लाभली नव्हती. जे जग त्यांनी जवळून पाहिलं, ते लिहिलं. भाषा मोठी केल्याने पुस्तक मोठं होत नाही. तुम्हाला जे माहिती आहे आणि दुसऱ्याला माहिती नाही, तोच तुमचा माल.

दुसऱ्यांदा लिहायला बसलो तेव्हा मी एकच माणूस डोळ्यांसमोर ठेवला: बावीस वर्षांचा पोरगा, जो नुकताच वडिलांच्या गल्ल्यावर बसलाय. त्याला झोप लागत नाही ते प्रश्न घेतले. नातेवाइकाची उधारी कशी मागायची? मोडीचा भाव कसा ठरवायचा? वडील ऐकत नाहीत तेव्हा काय? एक प्रश्न, एक प्रकरण.

लिखाणाची माझी साधी पद्धत सांगतो.

रोज थोडं. दुकान उघडायच्या आधी चाळीस मिनिटं, ३०० शब्द. १०० दिवसांत ३०,००० शब्द होतात. पानावर साधारण २५० शब्द धरले तर १२० पानांचं पुस्तक तयार. मूड येण्याची वाट बघू नका. शटर आपण मूड बघून उघडतो का?

मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते तिथे वाचकही अडखळतो. ते वाक्य तोडा.

पाच वाचक शोधा. त्यातले तीन तरी घरचे नसावेत. "कसं वाटलं?" विचारू नका, सगळे छान म्हणतात. "कुठे थांबलात?" एवढंच विचारा. पाचातले तिघं एकाच पानावर थांबले असतील, तर ते पान दुरुस्त करा.

प्रूफ दुसऱ्याकडून तपासून घ्या. स्वतःच्या चुका स्वतःला दिसत नाहीत. सवय म्हणून अरुण फडके यांचं 'शुद्धलेखन ठेवा खिशात' टेबलावर असू द्या. पण अंतिम प्रूफ जाणकार मुद्रितशोधकालाच द्या आणि त्याचे पैसे द्या. पाच रुपये वाचवायला गेलो आणि माझ्या पुस्तकात "ग्राहक" चार प्रकारे छापला गेला.

आणि एक तांत्रिक गोष्ट. युनिकोडमध्ये टाईप करा. बरेच डीटीपीवाले जुन्या फॉन्टमध्ये काम करतात. एका फॉन्टमधून दुसऱ्यात मजकूर नेला की जोडाक्षरं, रफार फुटतात. म्हणून फॉन्ट बदलल्यानंतर पूर्ण प्रूफ पुन्हा वाचायचं. आधी वाचलं होतं हे कारण चालत नाही.

प्रकाशकाकडे कसं जायचं?

पुण्यात अप्पा बळवंत चौकात गेलात, किंवा जवळच्या ग्रंथप्रदर्शनात, तर खरेदीसोबत एक काम करा. तुमच्या विषयाची दहा पुस्तकं उचला आणि आतलं, प्रकाशकाचं नाव असलेलं पान बघा. कोणता प्रकाशक कोणत्या विषयाची पुस्तकं काढतो, ते समजेल. पाककृती काढणाऱ्याला कादंबरी पाठवणं म्हणजे सराफाकडे कढई मागणं.

मग एका पानाचं पत्र: तुम्ही कोण, पुस्तक कशावर, वाचक कोण. सोबत एका पानाचा सारांश आणि दोन-तीन चांगली प्रकरणं. संपूर्ण पुस्तक त्यांनी मागितलं की द्या. मूळ प्रत स्वतःकडे ठेवा. उत्तराला काही महिने लागू शकतात. नकार आला तर भांडू नका, कारण विचारा. कारण मिळालं तर ती फुकटची ट्रेनिंग समजा.

नवीन माणसाने थेट पुस्तकावर उडी मारण्याआधी छोटं काही छापून बघावं, असं माझं मत आहे. आपल्याकडे त्यासाठी दिवाळी अंक आहेत. १९०९ मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही परंपरा. अंक दिवाळीत येतो, पण साहित्य पावसाळ्यातच पाठवावं लागतं. ऑक्टोबरमध्ये पाठवलं तर ते पुढच्या वर्षीचं झालं. एक लेख छापून आला की प्रकाशकाला पत्रात सांगायला काहीतरी असतं. आणि अनोळखी संपादकाने आपलं लिखाण घेतलं, ही खरी परीक्षा असते.

कविता, कथा, कादंबरी असं पहिलंच पुस्तक असेल, तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे. अर्ज मागवल्याची सूचना आली की नियम नीट वाचा आणि मुदतीत पाठवा. सरकारी आहे म्हणून होणारच नाही, असं आधीच धरून बसू नका.

सही करण्याआधी

आता सगळ्यात महत्त्वाचं. मी करार न वाचता सही केली होती. त्यात "लेखक सर्व हक्क प्रकाशकास देत आहे" असं वाक्य होतं. पुस्तक नव्याने लिहून काढायचं ठरवलं तेव्हा हे लक्षात आलं. घाम फुटला. वकील मित्राकडे गेलो. त्याने करार वाचला आणि हसला. म्हणाला, "वाचलास. यांनी मुदतच लिहिलेली नाही."

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १९ आहे. त्याप्रमाणे हक्क द्यायचे तर लेखी करार आणि सही लागते. कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशासाठी, रॉयल्टी किती, हे त्यात असावं लागतं. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. आणि घेतलेले हक्क एका वर्षात वापरलेच नाहीत, तर करारात वेगळं काही ठरलेलं नसल्यास ते संपतात. माझी पाच वर्षं २०२३ मध्ये भरली आणि पुस्तक माझं मला परत मिळालं. हे नशीब होतं, हुशारी नव्हती. "कायमस्वरूपी" हा एक शब्द तिथे असता तर? लेखकाचा हक्क त्याच्या हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे तुमच्या नातवंडांची मालमत्ता तुम्ही एका सहीत देऊन बसता. म्हणून करार वकिलाला दाखवा. त्याची फी ही सगळ्यात स्वस्त फी आहे.

समोरच्याला हे सात प्रश्न विचारा, आणि उत्तरं लेखी घ्या:

१. छपाईचे पैसे कोण घालणार?
२. माझ्याकडून पैसे घेणार असाल तर डीटीपी, मुखपृष्ठ, प्रूफ, कागद, छपाई, बांधणी यांचा वेगवेगळा खर्च किती?
३. किती प्रती छापणार, आणि छापल्याचा पुरावा काय?
४. छापील किंमत कोण ठरवणार?
५. रॉयल्टी किती टक्के, ती छापील किमतीवर की कमिशन वजा जाऊन, आणि हिशोब कधी देणार?
६. कोणते हक्क, किती वर्षांसाठी? भाषांतर, ई-बुक, ऑडिओ, सिनेमा यांचं काय?
७. गेल्या वर्षी काढलेली तुमची तीन पुस्तकं मला कोणत्या दुकानात बघायला मिळतील?

पाचव्या प्रश्नाबद्दल थोडं. पैसे स्वतः घालणारा प्रकाशक साधारण १० ते १५ टक्के रॉयल्टी देतो. कुणी "५० टक्के, १०० टक्के रॉयल्टी" म्हणालं की खुश होऊ नका. शून्य प्रतींचे १०० टक्के शून्यच होतात. सातवा प्रश्न तर सोन्याचा. त्या दुकानात खरंच फोन करा.

स्वतःच काढणार असाल तर

मग तुम्हीच प्रकाशक. तेव्हा एवढं करा.

आयएसबीएन नंबरसाठी कुणालाही पैसे देऊ नका. शिक्षण मंत्रालयाखाली राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सी आहे, ती हा १३ अंकी नंबर मोफत देते. ऑनलाइन अर्ज करायचा, लेखक स्वतःही करू शकतो. माझ्या पॅकेजमध्ये त्याचे वेगळे पैसे लावले होते.

पानांची संख्या १६ च्या पटीत बसवा. छपाई फर्म्यावर चालते, १६ पानांचा एक फर्मा. १२८ पानं म्हणजे बरोबर आठ फर्मे. १३१ पानं झाली की तीन पानांसाठी पुढचा फर्मा उघडावा लागतो.

छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे. पण म्हणूनच डीटीपी आणि छपाईच्या बिलावर भरलेल्या जीएसटीचा सेट-ऑफ मिळत नाही. तो खर्चातच धरा.

प्रसिद्ध झाल्यावर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवावी लागते. १९५४ चा कायदा आहे. कंटाळा करू नका, तुमचं पुस्तक तिथे जपलं जातं.

आणि प्रती कमी छापा. जास्त छापल्या की एक प्रत स्वस्त पडते, हे खरं. पण न विकलेली स्वस्त प्रत ही सगळ्यात महाग प्रत. आधी ज्यांची नावं लिहिता येतील असे खरेदीदार मोजा. नावं ८० झाली तर २०० छापा, १००० नको. दुकानात ठेवायला द्याल तेव्हा चलनावर प्रती, कमिशन, हिशोबाची तारीख लिहून सही घ्या. उधारीचे नियम इथेही तेच.

मी नवीन पुस्तक १२८ पानांचं केलं. ३०० प्रती, खर्च ३०,०००, म्हणजे प्रत १०० रुपयांना. किंमत २२०. दुकानातून विकलं तरी १३२ हातात येतात, ३२ सुटतात. दीड वर्षात २१२ प्रती गेल्या, बहुतेक ट्रेनिंगच्या हॉलमध्येच. फार मोठं यश नाही. पण माळ्यावर आता फक्त घागरी आहेत. आप्पांनी या वेळी शेवटपर्यंत वाचलं आणि उधारीच्या प्रकरणात माझी एक चूक काढली. दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करणार आहे.

गुरुजींचं काय झालं?

हे सात प्रश्न मी त्यांना फोनवर सांगितले. त्यांनी वहीत उतरवून घेतले, एकेक वाचून दाखवला आणि रविवारी कंपनीला फोन लावला. तिसऱ्या प्रश्नाला समोरचा माणूस म्हणाला, "सर, ही ऑफर आजच संपतेय." गुरुजी म्हणाले, "मग संपू द्या."

नंतर त्यांनी मला एक प्रकरण पाठवलं. एकशिक्षकी शाळेत त्यांनी बरीच वर्षं काढली. दसरा झाला की ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली पोरं हजेरीपटावर राहायची आणि वर्गातून जायची. कोण परत आलं, कोण आलंच नाही, याचं ते प्रकरण आहे. रात्री अकराला वाचायला घेतलं आणि एकपर्यंत झोपलो नाही. हे पुस्तक आलंच पाहिजे. पण बाईंच्या गुडघ्याच्या पैशातून नाही.

ते प्रकरण त्यांनी एका दिवाळी अंकाला पाठवलंय. उत्तर अजून आलेलं नाही. तोवर पुढचं प्रकरण लिहितायत, रोज पहाटे.

तुमचा गृहपाठ: आज रात्री वहीच्या एका पानावर फक्त दोन ओळी लिहा. माझं पुस्तक कोण वाचणार? आणि त्याला त्यातून काय मिळणार? या दोन ओळी जमल्या नाहीत, तर चेकबुक कपाटातच राहू द्या. जमल्या, तर उद्या सकाळी ३०० शब्द.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत गल्ला सांभाळा आणि सही करण्याआधी वाचा!